हातातही, डोक्यावरही: रात्रीच्या शेतकामासाठी छोटा टॉर्च कसा पारखावा?

कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने वीज मिळते. रात्रपाळीचा आठवडा आला की दारे धरायला अंधारात बाहेर पडावेच लागते. एका हातात फावडे, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि दार फोडताना टॉर्च काखेत किंवा दातात, अशी अनेकांची सवय आहे. मोबाईलच्या उजेडावर भागवणारेही कमी नाहीत. यावर उपाय म्हणून डोक्याच्या पट्ट्यात बसणारा आणि काढला की हातात धरता येणारा छोटा टॉर्च आता तालुक्याच्या बाजारातही मिळतो. मात्र खोक्यावर छापलेले आकडे आणि शेतातला अनुभव यांत बरेचदा मोठी तफावत निघते. असा टॉर्च घेताना काय पाहावे, घरी कोणत्या चाचण्या घ्याव्यात आणि कोणत्या कामाला तो डोक्यावर व कोणत्या कामाला हातात असावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- चालताना टॉर्च हातात, कंबरेच्या उंचीवर धरावा. दोन्ही हातांचे काम असेल तेव्हा डोक्यावर लावावा.
- खोक्यावरचे सर्वांत मोठे ल्युमेन पाहू नका. १०० ल्युमेनच्या आसपासचा उजेड सलग किती तास टिकतो ते पाहा.
- सेल बदलता येणारा टॉर्च घ्या आणि भरलेला दुसरा सेल खिशात ठेवा.
- झोत रुंद हवा. लांब पल्ला ही दुय्यम गरज आहे.
- टॉर्च गमबूट आणि काठी यांच्या जोडीला असतो. तो त्यांची जागा घेत नाही.

डोक्यावर की हातात? फरक सावलीचा आहे

डोक्यावरचा उजेड डोळ्यांच्या जवळून, जवळपास नजरेच्याच दिशेने जातो. त्यामुळे वस्तूची सावली तिच्या मागे लपते आणि आपल्याला दिसत नाही. जमीन सपाट वाटते, खड्डा, सरीची कड किंवा पाचटात पडलेला साप उठून दिसत नाही. तोच टॉर्च हातात घेऊन कंबरेजवळ धरला आणि झोत पुढे तिरका टाकला, की प्रत्येक ढेकळाची व काडीची लांब सावली पडते. सापाचे वेटोळे त्या सावलीमुळेच लक्षात येते.

मण्यार, घोणस आणि फुरसे हे तिन्ही विषारी साप प्रामुख्याने रात्री बाहेर पडतात. घोणस व फुरसे यांचे रंग माती आणि पाचटात मिसळून जातात. बिबट्याचे किंवा कुत्र्याचे डोळे उजेडात चमकतात, तसे सापाचे चमकत नाहीत. म्हणजे साप ओळखायचा तो आकारावरून आणि सावलीवरून. म्हणून बांधावरून चालताना टॉर्च पट्ट्यातून काढून हातात घेणे ही सर्वांत महत्त्वाची सवय आहे. टॉर्च पट्ट्यातून एका हाताने, दोन-तीन सेकंदांत निघत नसेल तर ही सवय लागत नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळी सर्वांत आधी हीच गोष्ट पाहावी.

धुके, बारीक पाऊस किंवा धूळ असतानाही हातातला टॉर्च बरा. डोक्यावरचा उजेड थेंबांवर आपटून थेट डोळ्यांत परततो आणि समोर पांढरा पडदा तयार होतो. टॉर्च खाली धरला की ही अडचण बरीच कमी होते.

डोक्यावर लावण्याची कामे वेगळी आहेत: दार फोडणे आणि बांधणे, ठिबकची तुटलेली लॅटरल जोडणे, फिल्टर धुणे, गायीची वीत पाहणे, भुंगेरे गोळा करणे. या कामांत दोन्ही हात मोकळे लागतात आणि पाहायची वस्तू हातभर अंतरावर असते. तिथे सावली उलट अडचणीची ठरते, म्हणून डोक्यावरचा उजेडच योग्य.

प्रकार आणि सेल

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

१. काटकोनी टॉर्च: दिवा नळीच्या टोकाला बाजूने बसवलेला असतो. पट्ट्यात आडवा बसतो, काढला की हातात किंवा खिशाच्या क्लिपवर चालतो. दोन्ही कामांना हा प्रकार सर्वांत सोयीचा.

२. सरळ टॉर्च आणि कापडी पट्टा: साधा टॉर्च डोक्याच्या बाजूला, कानावर अडकवला जातो. स्वस्त पडतो, पण उजेड एका बाजूने येतो आणि वाकल्यावर टॉर्च सरकतो.

३. फक्त डोक्याचा दिवा: तो पट्ट्यातून निघत नाही. दारे धरण्यासाठी एवढ्यावर अवलंबून राहू नये. सोबत हातातला टॉर्च लागतोच.

आता सेलचे गणित पाहू. १८६५० हा नंबर म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. चांगल्या सेलची क्षमता साधारण २,००० ते ३,५०० एमएएच असते. त्यावर ९,००० किंवा १२,००० एमएएच छापलेले दिसले तर तो आकडा खोटा समजावा, एवढी ऊर्जा त्या आकारात मावत नाही.

३,००० एमएएचच्या सेलमध्ये ३.६ व्होल्ट धरून सुमारे १०.८ वॅट-तास ऊर्जा असते. बऱ्यापैकी एलईडी टॉर्च एका वॅटमध्ये साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे १०० ल्युमेनवर सुमारे १० तास. आठ ते दहा तासांची रात्रपाळी या एका सेलवर निघू शकते.

पेन्सिल सेलच्या आकाराचा १४५०० लिथियम सेल साधारण ९०० एमएएचचा असतो. त्यात सव्वातीन वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा असल्याने १०० ल्युमेनवर तो तीन तासांत संपतो. असा टॉर्च वजनाला हलका, खिशात राहणारा आणि पिकाची पाहणी किंवा गोठ्यातल्या फेरीसाठी उत्तम आहे, पण रात्रभराच्या पाण्याला पुरणारा नाही. काही टॉर्चमध्ये १४५०० सोबत साधा पेन्सिल सेलही चालतो. गावच्या दुकानात पेन्सिल सेल मिळत असल्याने अडीअडचणीला ही सोय कामी येते. मात्र दोन्ही सेल चालतात असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच बदल करावा. साध्या पेन्सिल सेलचा व्होल्टेज १.५ असतो, पूर्ण भरलेल्या १४५०० चा ४.२. न चालणाऱ्या टॉर्चमध्ये लिथियम सेल घातला तर तो जळू शकतो.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत?

*ल्युमेन:* टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. चालण्यासाठी रुंद झोताचे ५० ते १०० ल्युमेन, हातभर अंतरावरच्या कामाला २० ते ५० ल्युमेन आणि बांधापलीकडे क्षणभर पाहण्यासाठी ३०० ते ५०० ल्युमेन पुरेसे आहेत. छोट्या टॉर्चवर ‘५०,००० ल्युमेन’ लिहिलेले असेल तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नये.

*पल्ला:* २००९ मध्ये अमेरिकेत टॉर्चसाठी एफएल-१ हे मानक ठरले. चांगले उत्पादक आकडे त्यानुसार देतात. या मानकात पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सपर्यंत उतरतो ते अंतर. हा उजेड साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. म्हणजे ‘१०० मीटर पल्ला’ असेल तर १०० मीटरवर फक्त चांदणे पडते. अंतर निम्मे झाले की उजेड चौपट होतो, पाव झाले की सोळापट. त्यामुळे या टॉर्चचा उजेड २५ मीटरवर ४ लक्स मिळतो. नीट पाहण्याचे अंतर म्हणून छापील पल्ल्याचा पाव भागच धरावा.

*चालण्याचा वेळ:* याच मानकात वेळ मोजतात तो टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांपासून उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. ‘१,००० ल्युमेन, ३ तास’ याचा अर्थ तीन तास १,००० ल्युमेन मिळतील असा होत नाही. छोटा टॉर्च पूर्ण उजेडावर तापतो आणि काही मिनिटांतच आपोआप मंद होतो. म्हणून सर्वांत वरच्या पायरीचा वेळ सोडून मधल्या पायरीचा वेळ वाचा.

*पाण्यापासून संरक्षण:* आयपीएक्स-४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून बचाव. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे. पाटात किंवा सरीत पडण्याची शक्यता लक्षात घेता आयपीएक्स-७ किंवा त्यावरचा टॉर्च घ्यावा. ‘एक्स’च्या जागी ६ असेल, जसे आयपी-६७, तर धुळीपासूनही पूर्ण बचाव होतो.

*रंग:* निळसर पांढऱ्या उजेडात पिवळेपणा, तांबूस ठिपके आणि माती यांतला फरक नीट कळत नाही. ४,००० ते ५,००० केल्विनचा, रंग दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या आसपास असलेला टॉर्च पाहणीसाठी चांगला. तरीही रोगाचे किंवा अन्नद्रव्य कमतरतेचे निदान दिवसाच्या उजेडातच करावे.

घरी घ्यायच्या सात चाचण्या

१. पट्ट्याची चाचणी: टॉर्च डोक्यावर लावून फावडे मारल्यासारखे २० वेळा वाका. टॉर्च खाली झुकला, फिरला किंवा निसटला तर नापास. सेलसह वजन १५० ग्रॅमच्या वर असेल तर डोक्यावरून जाणारी आडवी पट्टीही हवी.

२. काढण्याची चाचणी: एका हाताने, न पाहता टॉर्च पट्ट्यातून काढा आणि परत बसवा. ओला आणि चिखलाचा हात असतानाही हे जमले पाहिजे.

३. बटणाची चाचणी: हातमोजे घालून किंवा चिखलाच्या बोटाने बटण सापडते का? पहिल्या दाबाला कमी किंवा मधला उजेड लागावा. पायऱ्या बदलताना मध्येच लुकलुकणारा उजेड येत असेल तर तो टॉर्च टाळा. वळवळणारी वस्तू समोर असताना लुकलुकता उजेड घात करतो.

४. झोताची चाचणी: अंधारात टॉर्च कंबरेवर धरून तीन पावले पुढे झोत टाका. दोन्ही बाजूंना किमान दीड-दोन पावलांचा भाग दिसला पाहिजे. मध्ये फक्त छोटा पांढरा ठिपका आणि बाजूला काळोख असेल तर तो टॉर्च चालण्यासाठी नाही.

५. वेळेची चाचणी: सेल पूर्ण भरा. टॉर्च पांढऱ्या भिंतीपासून एक मीटरवर ठेवून मधली पायरी लावा. मोबाईलमधील लक्स मोजणारे ॲप एकाच जागी ठेवून दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. मोबाईलचा आकडा अचूक नसला तरी सुरुवातीच्या तुलनेत किती घट झाली ते कळते. निम्म्यावर यायला लागलेला वेळ हा तुमच्या उपयोगाचा खरा वेळ. संपण्यापूर्वी इशारा मिळतो की एकदम अंधार होतो, तेही नोंदवा.

६. पाण्याची चाचणी: आयपीएक्स-७ लिहिले असेल तरच घ्या. चार्जिंगचे रबरी झाकण घट्ट लावून टॉर्च बादलीत १५ मिनिटे ठेवा. पुसून उघडा. आत ओल किंवा काचेवर वाफ दिसली तर बदलून घ्या.

७. पडण्याची चाचणी: एक मीटर उंचीवरून शेतातल्या मातीवर तीनदा टाका. उजेड मध्येच गेला किंवा पायरी बदलली तर स्प्रिंग कमजोर आहे.

सहावी आणि सातवी चाचणी घेण्यापूर्वी दुकानदाराकडे बदलून देण्याची खात्री व पावती घ्या.

गुणपत्रक

दोन-तीन टॉर्चमधून निवड करताना असे गुण द्यावेत:

- मधल्या पायरीवरचा खरा वेळ: २५
- हातात व डोक्यावर बदलण्याची सोय, पट्ट्याची पकड: २०
- झोताची रुंदी: १५
- बदलता येणारा, सहज मिळणारा सेल: १५
- पाणी, धूळ आणि पडण्यापासून टिकाव: १०
- बटण आणि पायऱ्यांची सोय: १०
- लांब पल्ला: ५

पहिल्या दोन बाबींत निम्म्याहून कमी गुण मिळाले तर एकूण गुण कितीही असले तरी रात्रपाळीसाठी तो टॉर्च घेऊ नये.

रात्रीच्या पाहणीत उपयोग

काही किडी दिवसा लपतात आणि रात्री खातात. अशा वेळी नुकसान दिसते, कीड दिसत नाही आणि फवारणीचा निर्णय चुकतो.

- हुमणी: वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. फांद्या हलवून पाडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. इथे डोक्यावरचा उजेड लागतो, पण भुंगेरे त्याच उजेडाकडे तोंडावर येतात. सर्वांत कमी पायरी वापरा आणि साधा चष्मा घाला.
- शंखी गोगलगाय: रात्री व दमट हवेत सक्रिय असते. सोयाबीन उगवण्याच्या काळात बांधालगत, गवताच्या कडेने तिरका झोत टाकला की तिने मागे सोडलेला चिकट, चकाकणारा माग दिसतो. हातमोजे घालून गोळा करावे.
- हरभऱ्यातील रोपे कुरतडणारी अळी: दिवसा रोपाजवळच्या ढेकळाखाली असते. अंधार पडल्यावर ओळीने फिरल्यास रोपावर सापडते.
- तंबाखूवरील पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा): मोठ्या अळ्या दिवसा जमिनीत किंवा पाचोळ्यात लपतात. रात्री पानाच्या खालून तिरका उजेड टाकल्यास अळीची सावली पानावर दिसते.

पाहणी करताना डोळ्यांच्या पातळीवर टॉर्च लावून शेतात फिरल्यास जमिनीवर बारीक चमकणारे ठिपके दिसतील. ते बहुधा कोळ्यांचे डोळे असतात. कोळी मित्रकीटक खाद्यसाखळीतला उपयुक्त शिकारी आहे. त्याची संख्या चांगली असेल तर फवारणीआधी पुन्हा विचार करावा.

सुरक्षिततेचे नियम

*स्टार्टर पेटी:* पेटी उघडण्यापूर्वी टॉर्च डोक्यावर लावा, हात कोरडे करा, पायांत रबरी बूट असू द्या. काही टॉर्चच्या बुडाला चुंबक असते. तो पेटीच्या बाहेर लोखंडी दारावर चिकटवता येतो. पेटीच्या आत कधीही चिकटवू नका. धातूची नळी घसरून जिवंत टर्मिनलवर पडली तर शॉर्टसर्किट होते. पंप चालू होत नसेल तर अंधारात वायर हलवून पाहू नका.

*बिबट्याचा वावर असलेला भाग:* जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर अशा ऊसपट्ट्यात एकट्याने जाऊ नये. उसाच्या कडेला पोहोचण्यापूर्वी मोठी पायरी लावून दोन्ही बाजूंना झोत फिरवा, मोठ्याने बोला किंवा मोबाईलवर गाणी लावा. उसालगत वाकून किंवा बसून काम करायचे असेल तर सोबतच्या माणसाने उभे राहून उजेड धरावा. उजेडाने बिबट्या पळतोच असे समजू नये.

*साप चावल्यास:* टॉर्च साप शोधण्यासाठी वापरू नका, बाहेर पडण्यासाठी वापरा. चावलेला भाग हलवू नका, कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष लस असलेल्या रुग्णालयात तातडीने पोहोचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस वापरतात, त्यामुळे साप मारून नेण्याची गरज नसते.

सेलची निगा

- फुगलेला, चेपलेला किंवा वेष्टन फाटलेला लिथियम सेल वापरू नका.
- कडबा, गंजी, अंथरूण यांच्याजवळ चार्जिंग लावू नका. फरशीवर, डोळ्यांसमोर लावा.
- मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याखाली उन्हात टॉर्च ठेवू नका. उष्णतेने सेलचे आयुष्य लवकर संपते.
- ३,००० एमएएचचा सेल १ अँपिअरने भरायला साडेतीन ते चार तास लागतात. वीज जाण्याची वेळ पाहून दुपारीच भरून घ्या.
- खिशात ठेवताना मागचे झाकण पाव आटा सैल करा किंवा बटण लॉक करा. खिशात लागलेला टॉर्च तापतो आणि रात्री रिकामा निघतो.
- मोसमात एकदा रबरी कडी पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावा. कडी कोरडी पडली की पाणी आत जाते.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

शेतीशाळेत हा विषय रब्बी हंगामाच्या सुरुवातीला, संध्याकाळच्या बैठकीत घ्यावा. पाचटावर दोरीचा तुकडा वेटोळे करून ठेवा. प्रत्येकाला एकदा डोक्यावरच्या आणि एकदा कंबरेजवळच्या उजेडात तो शोधायला सांगा आणि किती पावलांवरून दिसला ते लिहून घ्या. सावलीचा मुद्दा व्याख्यानापेक्षा यातून लवकर पटतो. गटाने खरेदी करायची असल्यास आधी एकच नग आणून वर दिलेल्या चाचण्या सर्वांसमोर घ्याव्यात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मोबाईलचा टॉर्च का चालत नाही?* त्याचा झोत पसरट पण कमजोर असतो, हात अडकतो आणि मोबाईलची बॅटरी संपते. संकटात फोन लावण्यासाठी ती शिल्लक राहिली पाहिजे.

*लाल उजेडाचा उपयोग काय?* लाल उजेडाकडे किडे कमी येतात आणि सोबत्याचे डोळे दिपत नाहीत. बसून करायच्या कामाला तो ठीक आहे. चालताना मात्र पांढराच उजेड वापरावा, लाल उजेडात साप आणि माती वेगळे ओळखू येत नाहीत.

*एकच टॉर्च घ्यायचा असेल तर?* १८६५० सेलचा, काटकोनी, रुंद झोताचा, आयपीएक्स-७ टॉर्च आणि एक जादा सेल. उरलेल्या पैशांत मोठे ल्युमेन घेण्यापेक्षा गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या.